टर्बो स्विफ्टला एएफआर (हवा-पेट्रोल प्रमाण) गेज कुठलं घेऊ? दुकानदार एलईडीवालं गळ्यात मारतोय

स्विफ्टवेडा_घोडबंदर

नमस्कार मंडळी. गाडी २००६ ची स्विफ्ट, १.३ पेट्रोल, तेच जुनं जी१३बीबी इंजिन. लिनिया टी-जेटचा सेकंडहँड आयएचआय टर्बो कुर्ल्याहून उचलला, मॅनिफोल्ड बनवून घेतला, इंजेक्टर मोठे टाकले, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) स्पीडुइनो, ट्यूनिंगसाठी लॅपटॉपवर ट्यूनरस्टुडिओ. बूस्ट (टर्बोचा हवेचा दाब) ६ पीएसआय आणि त्याच्यावर जायचंच नाहीये, रोज कासारवडवली ते माजिवडा ट्रॅफिकमध्ये सरकायचं असतं, तिथे जास्त घेऊन करू काय. गाडी स्टार्ट होते, आयडल धरते, पण ट्यूनर म्हणाला वाइडबँड (एएफआर नीट मोजणारा एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर) लावून आण, त्याशिवाय मी पेट्रोलच्या टेबलमधल्या बूस्टच्या रकान्यांना हात लावणार नाही.

मग ठाण्यातल्या एका ॲक्सेसरीच्या दुकानात विचारलं तर त्याने १,८०० रुपयांचं गोल गेज काढून समोर ठेवलं, कडेने हिरवे पिवळे लाल एलईडी, म्हणे कंपनीच्या ओटू (ऑक्सिजन) सेन्सरच्या वायरला टॅप मारायचा की झालं काम, सगळे हेच लावतात. इकडे ऑनलाइन बघतोय तर एईएमचं एक्स सीरिज, इनोव्हेटचं एमटीएक्स-एल प्लस, आणि दिसायला डिट्टो तसंच पण चौथाई किमतीचं बिननावाचं एक. तर माझे प्रश्न असे की १,८०० वाल्याने काम भागेल का, नाहीतर ह्या तिघांत कुठलं, काटेवालं बरं की आकडे दाखवणारं, आणि सेन्सर नक्की कुठे लावायचा कारण डाउनपाइप (टर्बोनंतरचा एक्झॉस्ट पाइप) अजून बनतोय, आत्ताच सांगितलं तर वेल्डिंग एकदाच होईल.

घरी सांगितलंय पेट्रोल वाचवायचा मीटर लावतोय, त्यामुळे किंमत जपून लिहा 😄

कळवा_कार्ब्युरेटर

१,८०० वालं घेऊ नकोस. ते गेज नाहीच, ती गणपतीच्या मखराची लायटिंग आहे.

कारण सांगतो. कंपनीचा जो ओटू सेन्सर आहे तो नॅरोबँड, तो ० ते १ व्होल्टमध्ये खेळतो आणि त्याला फक्त एवढंच कळतं की मिक्श्चर १४.७ च्या (वजनाने एक भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा) ह्या बाजूला आहे की त्या बाजूला. लीन (पेट्रोल कमी) असेल तर ०.१ च्या आसपास, रिच (पेट्रोल जास्त) असेल तर ०.८-०.९, आणि मधे ०.४५ ला एकदम उडी. आता तुला बूस्टमध्ये बघायचंय की ११.५ आहे का १२.८, आणि तिथे त्या सेन्सरचा व्होल्टेज जवळजवळ सपाट असतो, जो काय थोडा हलतो तो सेन्सरच्या तापमानानेच जास्त हलतो. म्हणजे ११.५ ला पण हिरवा, १२.८ ला पण हिरवा, आणि पिस्टनला भोक पडेपर्यंत हिरवाच. क्रूझमध्ये (एका वेगात चालताना) मात्र ईसीयू मुद्दाम रिच-लीन रिच-लीन करत असतो म्हणून दिवे इकडून तिकडे नाचतात आणि दुकानदार म्हणतो बघा साहेब चालू आहे.

वाइडबँडचा सेन्सरच वेगळा. त्याच्यात एक छोटी पोकळी असते, कंट्रोलर करंट देऊन त्या पोकळीत ऑक्सिजन आत-बाहेर पंप करतो आणि तिथलं मिक्श्चर कायम १४.७ वर ठेवायला किती करंट लागला त्यावरून बाहेरचं मिक्श्चर काढतो. म्हणून तिथे खरा आकडा मिळतो. सगळी अक्कल सेन्सर आणि कंट्रोलरमध्ये आहे, पुढची गोल डबी म्हणजे नुसता डिस्प्ले. तू प्रश्न गेजचा विचारतोयस, पण बघायचं ते सेन्सर कुठला आणि कंट्रोलर कुणाचा.

सेन्सर बॉशचा एलएसयू ४.९ असलेलंच घे. जुना ४.२ होता त्याला अधूनमधून बाहेर काढून मोकळ्या हवेत कॅलिब्रेट करावं लागायचं, कोण करतंय ते. एईएम एक्स सीरिज ४.९ वर चालतं आणि त्याला ते हवेतलं कॅलिब्रेशन लागत नाही. एमटीएक्स-एल मध्ये जुनं साधं मॉडेल ४.२ चं होतं, प्लसवालं ४.९ चं आहे, सेकंडहँड घेशील तर हे बघून घे, बाहेरून सारखीच दिसतात.

बिननावाच्याबद्दल माझं मत असं की कंट्रोलर कदाचित चालेलही, पण त्याच्यासोबत येणारा सेन्सर खरा बॉशचा असेल ह्यावर मी दहा रुपये लावणार नाही. खऱ्यावर ० २५८ ०१७ ०२५ हा नंबर असतो, नुसता नंबर छापणं पण काय अवघड नाहीये, त्यामुळे कुणाकडून घेतोय ते महत्त्वाचं.

रबाळे_आर्गॉन

सायलेन्सरचं काम आम्ही करतो म्हणून तेवढंच सांगतो, इलेक्ट्रॉनिक्समधलं मला कळत नाही.

सेन्सर टर्बोच्या नंतर. आधी लावू नका, तिथे प्रेशर पण असतं आणि उष्णता पण, आकडा चुकतो आणि सेन्सर जळतो. टर्बोच्या तोंडापासून दीड-दोन फूट लांब आणि कॅटच्या (कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या) आधी. पाइपला घड्याळ समजा तर १० ते २ च्या मधे, सेन्सरचं टोक खाली झुकलेलं पाहिजे. खालून किंवा बरोबर आडवा लावला की सकाळी पाइपात साचलेलं पाणी त्याच्यावर जातं, आतला हीटर लाल झालेला असतो, पाण्याचा थेंब बसला की सिरॅमिक तडकतं. मग लोक म्हणतात सेन्सर डुप्लिकेट होता. आणि तुम्ही ठाण्याचे, पावसात वंदना टॉकीजसमोर काय होतं ते तुम्हालाच माहीत, तेवढ्यासाठी तरी वरच्या बाजूला घ्या.

नट एम१८, पिच १.५. स्टीलचा घ्या, पाइप एसएसचा असेल तर एसएसचा. वेल्डिंगने आटे ओढले जातात म्हणून आम्ही जुना मेलेला सेन्सर घट्ट बसवून मग आर्गॉन मारतो, नंतर टॅप फिरवतो. तुमचा नवीन सेन्सर लावून वेल्डिंग करायला देऊ नका कुणाला, कितीही ओळखीचा असला तरी.

आणि फ्लँजला सिलिकॉन लावणारे फार आहेत. मॅनिफोल्डपासून सेन्सरपर्यंत सिलिकॉन अजिबात नाही, त्याची वाफ सेन्सरला मारते. गॅस्केट घाला. फ्लँज लीक असेल तरी आकडा खोटा येणार, बाहेरची हवा आत ओढली जाते आणि गेज लीन दाखवतं.

डायनो_दादा_सीवूड्स

मी उलटं सांगतो, गेज घेऊच नकोस 😀

म्हणजे वाइडबँड घे, पण डबी नको. घोडबंदरला खड्डे बघायचे, रिक्षा बघायच्या का ११.३ दिसतंय का ११.८ ते बघायचं. दुसऱ्या गिअरमध्ये फुल थ्रॉटल दाबला की ३,००० ते ६,००० आरपीएम डोळ्याची पापणी लवायच्या आत जातं, तेवढ्यात तू एखादाच आकडा वाचणार आणि तो पण कुठल्या आरपीएमला होता, बूस्ट किती होता, काहीच माहीत नाही. हे काम लॉगचं आहे. नुसता कंट्रोलर मिळतो, एईएमचा इनलाइन आहे, स्पार्टन ३ आहे, त्याचं ० ते ५ व्होल्टचं आउटपुट स्पीडुइनोला दे, ट्यूनरस्टुडिओत आरपीएम, मॅप (मॅनिफोल्डमधला दाब), थ्रॉटल, एएफआर सगळं एका ओळीत लॉग होतं, घरी येऊन चहा पीत बघ. पैसे पण वाचले.

काटेवालं तर विसरच. जुन्या गाडीत शोभतं, फोटो छान येतात, बाकी काय नाही.

कळवा_कार्ब्युरेटर

दादा लॉगचं शंभर टक्के मान्य, पण डबी पाहिजे. ट्यूनिंग झाल्यावर लॅपटॉप रोज कोण नेतंय. फ्युएल पंप दमायला लागला, फिल्टर चोक झाला, इंजेक्टरचा कनेक्टर सैल झाला, हे सगळं एखाद्या मंगळवारी ऑफिसला जाताना होतं, डायनोवर (गाडी रोलरवर चालवून मोजायचं मशीन) होत नाही. बूस्टमध्ये नेहमी साडेअकरा दिसायचं तिथे तेरा दिसलं की पाय आपोआप वर येतो. तेवढ्यासाठी आकडा डोळ्यासमोर हवा. वाचायचा नसतो तो, नेहमीपेक्षा वेगळा आहे का एवढंच कळायला हवं.

आणि अजून एक, गेजला पाहून लगेच पेट्रोल वाढवू नकोस. वाइडबँड पेट्रोल मोजत नाही, ऑक्सिजन मोजतो. बूस्टमध्ये प्लगची ठिणगी विझली, म्हणजे मिसफायर झालं, तर न जळलेला ऑक्सिजन तसाच सायलेन्सरमध्ये येतो आणि गेज म्हणतं लीन. माणूस पेट्रोल वाढवतो, ठिणगी अजून विझते, गेज अजून लीन. असं गोल गोल फिरताना बघितलंय लोकांना. टर्बो टाकलाय तर प्लगची गॅप ०.६-०.७ एमएमवर आणलीयस ना आधी?

स्विफ्टवेडा_घोडबंदर

गॅप ०.७ आहे, ट्यूनरनेच करायला लावली. १,८०० वाला विषय संपला, थँक्यू. डबी हवीच असं मला पण वाटतंय, काटा नको.

रबाळे भाऊ, डाउनपाइप तुमच्याकडेच आणतो मग, इथे जो करतोय तो सिलिकॉनची ट्यूब घेऊनच बसलेला असतो 🙏

आता एक नवीन गोंधळ. ट्यूनरने सांगितलंय बूस्टमध्ये ११.५ ठेवू. पण आता पंपावर सगळीकडे ई२० (२० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल) आहे, आणि मी वाचलं की ई२० चं स्टॉइक (बरोबर जळण्यापुरतं हवा-इंधन प्रमाण) १४.७ नसतंच. मग ११.५ चं काय करायचं? गेजला ई२० चं सेटिंग असलेलं बघू का? का दुसरा आकडा धरायचा?

नेरूळची_लॅम्डा

ह्याच प्रश्नावर लोक सगळ्यात जास्त घसरतात म्हणून जरा लांबलचक लिहिते. माझं कामच इंजिन कॅलिब्रेशनचं आहे, गाडीचं मॉडिफिकेशन मी करत नाही पण तत्त्व तेच.

सेन्सरला एएफआर कळतच नाही. त्याला लॅम्डा कळतो, म्हणजे जेवढी हवा लागायला पाहिजे होती त्याच्या तुलनेत किती आहे. बरोबर जळण्यापुरती असेल तर १, कमी हवा म्हणजे रिच, १ च्या खाली. जास्त हवा म्हणजे लीन, १ च्या वर. गेज त्या लॅम्डाला फक्त १४.७ ने गुणून तुम्हाला दाखवतं कारण लोकांना तो आकडा सवयीचा आहे. टाकीत ई२० असो, ई१० असो, सीएनजी असो, गेजला काही पत्ता नसतो, बरोबर जळलं की ते १४.७ च दाखवणार.

आता ई२० चं खरं स्टॉइक साधारण साडेतेरा येतं. इथेनॉलचं ९ आणि पेट्रोलचं १४.७, त्यांच्या वजनाच्या प्रमाणात काढलं की तिथेच पोचतं. ई१० चं १४.१ च्या आसपास. त्यामुळे तुमच्या गेजवर ११.५ दिसतंय म्हणजे लॅम्डा ०.७८, आणि ई२० वर खरं एएफआर साडेदहाच्या जवळ असतं. पण त्या खऱ्या एएफआरशी तुम्हाला काही घेणंदेणं नाही. इंजिनला लॅम्डा ०.७८ हवाय, तो ०.७८ आहे, विषय संपला. ट्यूनरचा ११.५ हा पेट्रोलच्या स्केलवरचा ११.५ आहे, गेज पण पेट्रोलच्या स्केलवरच आहे, जुळतंय.

घोटाळा कधी होतो तर कुणीतरी हुशारी करून एकाच ठिकाणी बदल करतं. गेजला साडेतेराचं स्केल लावलं आणि ईसीयूत स्टॉइक १४.७ च राहिलं, किंवा उलटं, की मग गेज एक सांगतं, लॉग दुसरं सांगतो, आणि कोण खरं हे शोधण्यात रविवार जातो. म्हणून माझा सरळ सल्ला, गेज लॅम्डावर ठेवा, ट्यूनरस्टुडिओत पण लॅम्डा दाखवायला लावा, आणि ट्यूनरला सांगा आकडे लॅम्डात बोल. सुरुवातीला आठवडाभर डोक्यात गुणाकार होईल, मग सवय लागते. क्रूझ १.०, तुमच्या ६ पीएसआयला फुल थ्रॉटल ०.७८ ते ०.८२. टर्बो नसता तर ०.८६ ते ०.९० चाललं असतं. तेव्हा गेज घेताना लॅम्डा दाखवता येतो का हे आधी बघा, ई२० चं सेटिंग शोधत बसू नका.

पण ई२० मुळे एक खरी गोष्ट बदलते. ट्यूनरचा बेस मॅप (पेट्रोलचं मूळ टेबल) ई१० च्या काळात केलेला असेल आणि तसाच टाकला, तर तेवढाच इंजेक्टर उघडून मिक्श्चर साधारण ३-४ टक्के लीन होणार. ०.८० होतं तिथे ०.८३ दिसेल. क्रूझमध्ये क्लोज्ड लूप (सेन्सर बघून ईसीयू स्वतः पेट्रोल दुरुस्त करतो ते) ते भरून काढेल, बूस्टमध्ये बहुतेक लोक क्लोज्ड लूप बंदच ठेवतात त्यामुळे तिथे कोणी भरून काढणार नाही. इथेनॉलचा ऑक्टेन जास्त आणि तो थंडावा पण देतो म्हणून एवढ्याने लगेच काही फुटत नाही, तरी बूस्टचे रकाने आत्ताच्या पेट्रोलवर पुन्हा करून घ्या. इंजेक्टर आणि पंपाला तेवढी जागा शिल्लक आहे का ते पण ड्युटी सायकल (इंजेक्टर किती टक्के वेळ उघडा असतो) बघून ठरवा.

डायनो_दादा_सीवूड्स

ताई हे पिन करायला पाहिजे. अर्धे ट्यूनर पण चुकतात इथे.

वॅगनार_सीएनजी_ऐरोली

मधेच विचारतो, माझी वॅगनार सिक्वेन्शियल किटची सीएनजी आहे, गॅसवर गाडी ओढत नाही, किटवाला म्हणतो मिक्श्चर बरोबर आहे. हे गेज लावून कळेल का? आणि भावाची १.३ डिझेल स्विफ्ट रिमॅप केलीय, त्याला पण?

नेरूळची_लॅम्डा

सीएनजीवर कळेल, लॅम्डावर ठेवूनच बघा. सीएनजीचं स्टॉइक १७ च्या वर असतं पण वर लिहिलं तसं लॅम्डा १ तो १ च. फक्त तेवढ्यासाठी गेज विकत घेऊ नका, किटवाल्याकडे किंवा डायनोवाल्याकडे वाइडबँड असतो, तासाभराचं काम आहे. आणि गॅसवर थोडी कमी ओढणारच, गॅस हवेची जागा खातो.

डिझेल कायमच लीन चालतं, तिथे थ्रॉटलने मिक्श्चर धरत नाहीत. रिमॅपवाल्या डिझेलला आधी एक्झॉस्ट टेंपरेचरचं गेज लावा, ते जास्त कामाचं.

वायरमन_वागळे

सगळं झालं पण वायरिंगवर कोणी बोललं नाही आणि निम्म्या तक्रारी तिथूनच येतात.

पहिलं, सप्लाय. इग्निशनवरचा १२ व्होल्ट पाहिजे, सेल्फ मारताना पण जाता कामा नये. गाडी चालू आणि सेन्सरचा हीटर बंद असं कधीच नको, थंड सेन्सरवर काजळी बसते आणि तो मरतो. म्हणून गेज काही दिवस काढून ठेवायचं असेल तर सेन्सर पण काढायचा आणि नटला बूच मारायचं. सिगरेट लायटरच्या वायरवरून घेऊ नकोस, रिले टाक, १० अँपियरचा फ्यूज.

दुसरं, अर्थिंग. हे नीट वाच. गेज ईसीयूला ० ते ५ व्होल्टमध्ये आकडा पाठवतं. गेजची मायनस डॅशबोर्डच्या कुठल्यातरी स्क्रूला आणि ईसीयूची इंजिनवर, असं असेल तर दोन अर्थमध्ये हेडलाइट-फॅन लागल्यावर थोडा फरक पडतो. ०.१ व्होल्टचा फरक म्हणजे एईएम एक्स सीरिजला पाव पॉइंट, इनोव्हेटला ०.३. गेजवर ११.५, लॉगमध्ये ११.८, आणि फॅन बंद झाला की दोन्ही जुळतात. तू डोकं खाजवत बसणार. गेजची मायनस ईसीयूच्या मायनसलाच, त्याच बोल्टला ने.

तिसरं, ट्यूनरस्टुडिओत सेन्सर कॅलिब्रेशनमध्ये बरोबर गेज निवड. एक्स सीरिजला ०.५ व्होल्ट म्हणजे ८.५ आणि ४.५ व्होल्ट म्हणजे १८. जुन्या एईएमला ० व्होल्ट म्हणजे १० आणि ५ व्होल्ट म्हणजे २०. इनोव्हेट ० ला ७.३५, ५ ला २२.३९. यादीत नुसतं एईएम दिसलं म्हणून टिचकी मारली आणि ते जुन्याचं निघालं तर लॉग पूर्ण खोटा. एक सोपी चाचणी, गाडी गरम करून आयडलवर गेजचा आकडा आणि लॅपटॉपचा आकडा शेजारी शेजारी बघ, मग २,५०० ला धरून बघ. दोन्हीकडे जुळले तर पुढे जा.

एक्स सीरिजला कॅनचं (डिजिटल डेटाचं) आउटपुट पण आहे, त्याच्यात हा अर्थचा वैताग नसतो, पण तुझी स्पीडुइनो मेगा बोर्डवाली असेल तर तिला कॅन सरळ लागत नाही, त्यामुळे ॲनालॉगच.

आणि सेन्सरचा प्लग कापायचा नाही. वायर फायरवॉलच्या भोकातून जात नाही म्हणून लोक प्लग कापतात आणि पलीकडे जोडतात. त्या प्लगच्या आत त्याच सेन्सरला मोजून बसवलेला रेझिस्टर असतो, प्लग बदलला की कॅलिब्रेशन गेलं. भोक मोठं कर, रबर ग्रॉमेट टाक.

कळवा_कार्ब्युरेटर

प्लग कापायचं वाचून अंगावर काटा आला. हेच लिहायला आलो होतो.

डबी कुठे लावणार? पिलरवर लावू नकोस, समोरून ऊन असलं की ते सरळ डोळ्यात आणि गेजवर येतं, काही दिसत नाही. ५२ एमएमचा पॉड (गेज बसवायची वाटी) स्टीअरिंग कॉलमवर बसतो, मीटरच्या शेजारी, मान वळवायला लागत नाही.

एमएच०४_पासिंग

विषयाला धरून नाही पण २००६ ची गाडी म्हणजे २०२१ ला पासिंग पाच वर्षांनी वाढवलेलं असणार, म्हणजे २०२६ ला परत आरटीओ. गेज लावायला कोणी काही म्हणत नाही, पण टर्बो हा मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये येतो, आरसीवर जे लिहिलंय त्याच्याशी न जुळणारा बदल. इन्शुरन्सवाला पण क्लेमच्या वेळी हेच काढतो. ट्यूनिंगच्या आधी ह्याचा विचार करून ठेव, नंतर इथे येऊन रडू नकोस.

स्विफ्टवेडा_घोडबंदर

पासिंगचं डोक्यात आहे, त्याचा वेगळा धागा काढतो, इथे नको.

ठरलं मग. एक्स सीरिज डिजिटल घेतोय, अमेरिकेत २०० डॉलरच्या आसपास आहे, चुलतभाऊ येतोय त्याच्याकडून मागवतो, सेन्सर सोबतच येतो म्हणजे डुप्लिकेटची भानगड नाही. लॅम्डावर ठेवणार, पॉड कॉलमवर, मायनस ईसीयूच्या बोल्टला. एमटीएक्स-एल प्लस पण आवडलं होतं, पण माझ्या ट्यूनरला एईएमची सवय आहे, उगाच त्याला नवीन काही शिकायला लावलं तर बिल माझ्याच नावावर.

एकच शंका राहिली, लेटेन्सी. गेजवर दिसणारा आकडा आणि सिलिंडरमध्ये त्या क्षणी जे चाललंय त्यात किती अंतर असतं? ट्यूनरस्टुडिओचं ऑटोट्यून लावलं तर ते भलत्याच रकान्यात बदल करणार नाही ना?

डायनो_दादा_सीवूड्स

करू शकतं. धूर एक्झॉस्ट व्हॉल्व्हपासून सेन्सरपर्यंत यायला वेळ लागतो, कमी आरपीएमला जास्त, वरती कमी. त्यात टर्बोनंतर दोन फूट म्हणजे अजून थोडा. ऑटोट्यूनमध्ये हा डिले धरायचं सेटिंग असतं, ते भर. आणि ॲक्सिलरेटर एकदम दाबला-सोडला की त्या वेळचे आकडे वापरू नकोस, तेव्हा ॲक्सिलरेशनचं जादा पेट्रोल चालू असतं. ॲक्सिलरेटर पूर्ण सोडून उतारावर चाललास की पेट्रोल कट होतं आणि गेज एकदम टोकाला जाऊन नुसत्या रेघा दाखवतं, घाबरू नकोस, ती मोकळी हवा आहे, उलट सेन्सर जिवंत असल्याची खूण.

ऑटोट्यून क्रूझच्या रकान्यांपुरतं वापर. गाडी एका वेगात धरायची, पामबीचला पहाटे जमतं, शेजारी लॅपटॉप घेऊन दुसरा माणूस बसवायचा, गाडी चालवता चालवता लॅपटॉप बघायचा नाही. बूस्टचे रकाने मात्र हाताने, डायनोवर, आधी रिच ठेवून मग पेट्रोल हळूहळू कमी.

रबाळे_आर्गॉन

शनिवारी या, रविवारी बंद असतं. गाडी आणणार असाल तर वेल्डिंगच्या आधी बॅटरीची मायनस आणि ईसीयूचा प्लग दोन्ही काढावे लागतात, दहाचा पाना सोबत आणा, आमचा कोणीतरी नेलाय. डाउनपाइप नुसता सुटा आणलात तर अजून बरं, पण मग टर्बोपासूनची दिशा मार्करने पाइपवर काढून आणा, वरची बाजू कुठली ते मला सुट्या पाइपवर कळणार नाही.